काउंटी शेरीफ : मतपत्रिकेच्या तळाशी असलेलं नाव आणि त्याच्या ताब्यातला तुरुंग

रानजाई (ओहायो) · ३ मार्च, रात्री ९.१०

नागरिकत्व मिळाल्यापासून दोनदा मतदान केलं, २०२० आणि २०२४ साली. मतपत्रिकेवर वर राष्ट्राध्यक्ष, मग सिनेटर, न्यायाधीश, आणि खाली कुठेतरी 'काउंटी शेरीफ' (काउंटी म्हणजे इथला जिल्हा). दोन्ही वेळा जे नाव रस्त्याकडेच्या पाट्यांवर वाचलं होतं त्यापुढचा गोल भरला. हा माणूस नेमकं काय करतो हे मला माहीत नव्हतं. शेरीफ म्हणजे तपकिरी गणवेश आणि महामार्गावर वेग मोजणारी गाडी, एवढंच डोक्यात होतं.

मागच्या ऑगस्टमध्ये आमच्या ओळखीतल्या कुटुंबातल्या एका मुलाला अटक झाली. वय चोवीस, बायपोलर या मानसिक आजाराचं निदान चार वर्षांपूर्वीचं. दुकानातून पैसे न देता वस्तू घेऊन बाहेर पडला आणि अडवल्यावर ढकलाढकली केली. जामिनाची तारीख लांबली आणि तो नऊ दिवस काउंटीच्या तुरुंगात राहिला. त्यातले पहिले चार दिवस त्याला गोळ्या मिळाल्या नाहीत. आईने डबीचा फोटो, डॉक्टरचं पत्र, सगळं खिडकीवर नेऊन दिलं होतं. 'आमच्या वैद्यकीय विभागाकडून खात्री व्हायची आहे' एवढंच उत्तर. पाचव्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या तोवर तो कुणाला ओळखत नव्हता. आता तो घरी आहे, बरा आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितेय. काउंटीचं नाव मुद्दाम देत नाही.

त्या वेळी मी खूप रागावले होते. राग कुणावर काढायचा ते कळेना म्हणून शेजारच्या काउंटीच्या शेरीफ ऑफिसने नागरिकांसाठी चालवलेल्या वर्गात नाव घातलं. दहा मंगळवार, संध्याकाळी सहा ते नऊ. कालच शेवटचा वर्ग झाला.

सगळ्यात आधी मोडलेली समजूत ही : गस्त हा शेरीफच्या कामाचा फक्त दिसणारा भाग आहे. ज्या टाउनशिपला (काउंटीतला ग्रामपंचायतीसारखा भाग) स्वतःचे पोलीस नाहीत तिथे गस्त त्याची. कोर्टाची सुरक्षा त्याची. समन्स पोचवणं, घर रिकामं करून घेणं, बँकेने जप्त केलेल्या घरांचा लिलाव, बंदुकीचे परवाने, लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची नोंदवही, नर्स आणि शिक्षिकांचे बोटांचे ठसे, हे सगळं त्याच्याकडे. आणि या सगळ्याहून जास्त माणसं आणि पैसा खाणारी एक गोष्ट, काउंटी जेल. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर ग्रामीण पोलीस अधीक्षक, जेलर आणि दिवाणी कोर्टाचा बेलिफ अशी तीन माणसं एकात, आणि त्याला नेमतो कोण, तर मतदार.

जेल आणि प्रिझन यांत फरक आहे, तोही मला तिथेच कळला. शिक्षा झाल्यावर मोठ्या मुदतीसाठी जातात ते प्रिझन, राज्य सरकारचं. काउंटी जेलमध्ये बहुसंख्य लोक कच्चे कैदी असतात. खटला व्हायचाय, जामिनाचे पैसे नाहीत, किंवा मुळात आजारी आहेत आणि दुसरीकडे ठेवायला जागा नाही.

सातव्या मंगळवारी आम्हाला बुकिंगच्या जागी उभं केलं. नव्याने आणलेल्या माणसाला प्रश्न विचारतात : दारू शेवटची कधी घेतली, फेंटानिल (अफूच्या जातीची जहाल नशा) घेता का, जीव द्यावासा वाटतो का, गरोदर आहात का, औषधं कोणती. नशा उतरतानाचे पहिले दोन-तीन दिवस आणि आत्महत्येचा धोका, दोन्ही इथेच असतात. प्रश्न विचारणारी कॉर्पोरल सकाळी सहाला आली होती. रात्रीच्या शिफ्टला दोघं कमी होते म्हणून तिला घरी जाता येत नव्हतं. सोळा तास. हे आठवड्यातून दोनदा तरी होतं, असं तिने सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही. नवी मुलं इथे प्रशिक्षण घेतात आणि वर्षभरात जास्त पगाराच्या शहर पोलिसांत निघून जातात.

औषधांबद्दल मी विचारलंच. तिथली वैद्यकीय सेवा कंत्राटी कंपनी चालवते. रात्री एकच नर्स. बाहेरून आलेली गोळी आधी फार्मसीकडून पडताळून घ्यावी लागते, शनिवार-रविवारी तो फोन उचलला जात नाही. आमच्या ओळखीतल्या त्या मुलाला शुक्रवारी संध्याकाळी आणलं होतं. काउंटी वेगळी, पण कारण बहुधा हेच असावं असं मला तिथे उभं राहून वाटलं.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांनी लिहा. शक्य तेवढं स्वतः पाहिलेलं लिहा.

स्नेहल_एडिसन · ३ मार्च, रात्री १०.०२

वाचून सुन्न झाले. तो मुलगा सुखरूप आहे हे महत्त्वाचं.

न्यू जर्सीत चित्र वेगळं आहे. एडिसनला स्वतःचे पोलीस आहेत, त्यामुळे शेरीफ रस्त्यावर फारसा दिसत नाही. आमच्या मिडलसेक्स काउंटीत तो कोर्ट, लिलाव, समन्स एवढं सांभाळतो आणि तुरुंग काउंटीच्या वेगळ्या खात्याकडे आहे. मुदतही इथे तीन वर्षांची. बहुतेक राज्यांत चार असते, मॅसॅच्युसेट्समध्ये सहा. म्हणजे 'शेरीफ काय करतो' याला देशभर एक उत्तर नाही. आपल्या काउंटीपुरतं शोधावं लागतं.

केदार_केटी · ३ मार्च, रात्री ११.३५

टेक्सासमधून. आमचा पत्ता ह्यूस्टनच्या जवळचा, पण आम्ही कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही. अशा 'अनइनकॉर्पोरेटेड' भागात लाखो लोक राहतात आणि त्यांचा पोलीस म्हणजे शेरीफच. त्यात भर म्हणून इथे कॉन्स्टेबलही (आपल्याकडचा शिपाई नव्हे, स्वतःची पोलीस तुकडी असलेला अधिकारी) निवडून येतात, हॅरिस काउंटीत आठ. आमच्या सोसायटीने पैसे भरून गस्तीसाठी कॉन्स्टेबलचे डेप्युटी, म्हणजे हाताखालचे पोलीस, घेतलेत. त्यामुळे घरफोडी झाली तर फोन नेमका कुणाला, हे नव्या माणसाला दोन वर्षं कळत नाही. (९११ लाच करा. ते योग्य ठिकाणी पाठवतात.)

तुरुंगाच्या मुद्द्यावर एक प्रकरण सांगतो. जुलै २०१५, सँड्रा ब्लँड. लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून राज्याच्या पोलिसाने तिची गाडी थांबवली, बोलाचाली वाढली, अटक झाली. तीन दिवसांनी वॉलर काउंटीच्या जेलमध्ये ती मृतावस्थेत सापडली. बुकिंगच्या वेळी तिने आधी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं होतं, ते कागदावर होतं. अटक करणारा शेरीफचा माणूस नव्हता. पण जेलचं दार लागलं की आतला माणूस शेरीफची जबाबदारी, अटक कुणीही केलेली असो. त्यावरून टेक्सासने २०१७ मध्ये तिच्या नावाने कायदा केला : मानसिक आजार असेल तर उपचाराकडे वळवायचा प्रयत्न, कोठडीतल्या मृत्यूचा तपास बाहेरच्या यंत्रणेकडून, आणि कोठडीची फेरी खरंच मारली का हे नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक सेन्सर. त्याआधी फेरीच्या वहीवर वेळ लिहून मोकळं होता यायचं.

मनवा (व्हर्जिनिया) · ४ मार्च, पहाटे ५.४८

नाइट शिफ्ट संपवून लिहितेय. मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत सायकियाट्रिक नर्स आहे, त्यामुळे डेप्युटींची आणि माझी रोज गाठ पडते. पण तुरुंगात नाही, आमच्या वॉर्डाच्या बाहेर खुर्चीवर.

व्हर्जिनियात कुणी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशा अवस्थेत असेल तर आधी 'ईसीओ' निघते, आठ तासांचा ताबा. तेवढ्यात तपासणी होऊन गरज असेल तर 'टीडीओ', म्हणजे सक्तीने दाखल करण्याचा तात्पुरता आदेश. या सगळ्या काळात रुग्ण सहसा पोलिसाच्या किंवा डेप्युटीच्या ताब्यात असतो. त्याने गुन्हा केलेला नसतो. तो आजारी असतो. तरी हातात बेडी घालून गाडीच्या मागच्या सीटवर बसून येतो, कारण नेणारी यंत्रणा तीच आहे.

२०१३ च्या नोव्हेंबरात राज्याचे सिनेटर क्री डीड्स यांच्या मुलाला असंच आणलं होतं. तेव्हाच्या मुदतीत बेड सापडला नाही म्हणून घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांवर चाकूने वार केले आणि स्वतःचा जीव घेतला. डीड्स वाचले, आणि त्यांनीच २०१४ मध्ये कायदा बदलून घेतला : आठ तासांत कुठेही बेड मिळाला नाही तर राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयाने रुग्णाला घेतलंच पाहिजे. कायदा चांगला होता. पण बेड तेवढेच राहिले. सरकारी रुग्णालयं भरली आणि २०२१ च्या उन्हाळ्यात राज्याला काही रुग्णालयांत नवे रुग्ण घेणं थांबवावं लागलं.

मग काय होतं? डेप्युटी रुग्णाबरोबर बसून राहतो. एक शिफ्ट, दुसरी, तिसरी. मी एका रुग्णाजवळ तीन दिवस आळीपाळीने बसलेले पाच वेगवेगळे डेप्युटी पाहिलेत. त्यांच्या छोट्या काउंटीत तेवढे तास रस्त्यावर एक माणूस कमी. बेड मिळाला तर तो चार तासांवरच्या गावी, म्हणजे जाऊन-येऊन आणखी एक दिवस.

एका डेप्युटीबद्दल लिहायचंय. विशीतला मुलगा, पहिलंच वर्ष. त्याच्या ताब्यातली बाई रात्रभर रडत होती आणि बेडीमुळे तिला डोळेही पुसता येत नव्हते. त्याने मला विचारलं, सिस्टर, बेडी काढली तर तुम्ही दाराशी उभ्या राहाल का? मी उभी राहिले. पुढचे चार तास ती शांत झोपली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं.

@रानजाई, औषधाचं कारण तू बरोबर ओळखलंस. लिथियम (बायपोलरवरचं औषध) किंवा तशा गोळ्या अचानक थांबल्या तर आजार पुन्हा जोरात उसळू शकतो. नातेवाइकांनी नुसती डबी नेऊ नये. डॉक्टरांच्या ऑफिसातून जेलच्या वैद्यकीय विभागाला थेट फॅक्स आणि फोन करायला लावावा, आणि 'मला यांच्या वैद्यकीय प्रमुखांशी बोलायचंय' असं नाव घेऊन विचारावं. बोललेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहून ठेवावी.

शंतनू_सॅमामिश · ४ मार्च, सकाळी १०.२०

मनवा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझा मुद्दा वेगळा आहे. मुळात पोलीस आणि तुरुंग चालवणारा माणूस निवडून का यावा? जो लोकप्रिय तो कुशल असेलच असं नाही. ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीचे जो अर्पायो पुन्हा पुन्हा निवडून येऊन १९९३ पासून २०१६ पर्यंत शेरीफ राहिले. कैद्यांना वाळवंटातल्या उन्हात तंबूत ठेवलं, त्याची जाहिरात केली, आणि लोकांनी मतं दिली. लॅटिनो दिसणाऱ्यांच्या गाड्या अडवल्याबद्दल २००७ मध्ये खटला सुरू झाला, २०१३ मध्ये कोर्टाने वंशभेद झाल्याचा निकाल दिला. आदेश पाळले नाहीत म्हणून २०१७ मध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले आणि राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. खटल्याचे आणि सुधारणांचे कोट्यवधी डॉलर काउंटीच्या करदात्यांनी भरले.

वॉशिंग्टन राज्यातल्या आमच्या किंग काउंटीत २०२० मध्ये मतदारांनीच ठरवलं की शेरीफ निवडायचा नाही, नेमायचा. आमच्या सॅमामिश गावाचे पोलीसही प्रत्यक्षात शेरीफ ऑफिसचेच डेप्युटी आहेत, शहर काउंटीला पैसे देऊन त्यांना घेतं. हे बऱ्याच रहिवाशांना माहीत नाही.

अनिकेत_आयोवा · ४ मार्च, दुपारी १.१५

शंतनू, असहमत.

आमच्या ग्रामीण काउंटीत शेरीफ कोण आहे हे प्रत्येकाला माहीत असतं. तो किराणा दुकानात भेटतो. मुलाच्या बेसबॉलच्या सामन्याला शेजारी बसतो. काम बिघडलं तर लोक तिथल्या तिथे विचारतात आणि चार वर्षांनी घरी बसवतात. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे बघेल.

इथली अडचण अंतराची. आयोवात ९९ काउंट्या. आमच्याकडे रात्री दोन ते सहा संपूर्ण काउंटीत एकच डेप्युटी असतो. घरगुती मारहाणीचा फोन आला तर तो एकटाच जातो, मदत शेजारच्या काउंटीतून येईपर्यंत अर्धा तास. अशा घरात एकट्याने शिरणं हे या नोकरीतलं सगळ्यात धोक्याचं काम, असं तेच सांगतात. जानेवारीत वादळात आमची गाडी खड्ड्यात गेली, उणे वीस होतं, मुलगी दोन वर्षांची. डेप्युटीला पोचायला ५० मिनिटं लागली. पण तेवढा वेळ डिस्पॅचवरची (फोन घेऊन डेप्युटीला पाठवणारी) बाई फोन न ठेवता बोलत राहिली, एग्झॉस्टसमोरचा बर्फ काढा, काच थोडी उघडी ठेवा, असं एकेक सांगत. तीही शेरीफ ऑफिसचीच नोकर. पगार विचाराल तर गोदामात जास्त मिळतो. १० ऑगस्ट २०२० ला डेरेचो वादळाने आयोवा झोडपला, तेव्हा या लोकांवर किती भार आला असेल याची मला त्या ५० मिनिटांनंतर कल्पना आली.

शंतनू_सॅमामिश · ४ मार्च, दुपारी ३.४०

अनिकेत, छोट्या काउंटीबाबत तुमचं पटतं. पण लाखो लोकांच्या काउंटीत शेरीफ किराणा दुकानात भेटत नाही. आणि मधल्या चार वर्षांत त्याला काढायचं कुणी? काउंटी बोर्ड बजेट ठरवतं, पण बहुतेक ठिकाणी त्याला शेरीफला हात लावता येत नाही. कॅलिफोर्नियात सॅन मटेओ काउंटीत यासाठी मार्च २०२५ मध्ये वेगळं मतदान घ्यावं लागलं, तेव्हा बोर्डाला तो अधिकार मिळाला. कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच काउंट्यांत मृत्यूचं कारण ठरवणारा कोरोनरही शेरीफच असतो. म्हणजे डेप्युटीच्या हातून कुणी मेलं तरी कारण लिहिणारं ऑफिस तेच. सॅन वाकीन काउंटीत २०१७ च्या शेवटी तिथले शवविच्छेदन तज्ज्ञ डॉ. बेनेट ओमालू यांनी शेरीफ आपल्या निष्कर्षांत ढवळाढवळ करतो असा आरोप करून राजीनामा दिला, त्यानंतर तिथे दोन्ही पदं वेगळी केली.

केदार_केटी · ४ मार्च, संध्याकाळी ७.०५

अलाबामाचं उदाहरण यात बसतं. तिथे जुन्या कायद्यामुळे कैद्यांच्या जेवणासाठी मिळालेल्या पैशातून जे उरेल ते शेरीफला स्वतःकडे ठेवता यायचं. मॉर्गन काउंटीत स्वस्तात मिळालेले कॉर्न डॉग (मक्याच्या पिठात घोळवून तळलेले सॉसेज) कैद्यांना आठवडेच्या आठवडे दोन वेळा दिले. २००९ मध्ये फेडरल न्यायाधीशाने त्या शेरीफलाच एक रात्र कोठडीत ठेवलं. राज्याने कायदा बदलला तो थेट २०१९ मध्ये. उपाशी माणसाच्या ताटातून पैसे काढायची सोय कायद्यात इतकी वर्षं राहते याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या बाजूचंही लिहितो. शिकागोच्या कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये जप्त घरांतून लोकांना बाहेर काढणं थांबवलं. भाडेकरू नियमाने भाडं भरत होते, हप्ते घरमालकाने थकवलेले, आणि सामान रस्त्यावर यायचं भाडेकरूंचं. कोर्टाचा आदेश न पाळणं हा अवमान ठरू शकतो हे माहीत असून ते थांबले, आणि नोटीस देण्याची पद्धत सुधारल्यावरच काम पुन्हा सुरू केलं. त्यांच्याच तुरुंगाची प्रमुख म्हणून २०१५ मध्ये एक मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नेमली गेली. डार्टही निवडूनच आलेले.

वकीलकाका_गिरगाव · ५ मार्च, सकाळी ८.३०

मुंबईतून थोडी भर. 'शायर-रीव्ह', म्हणजे इंग्लंडातल्या परगण्याचा राजनियुक्त कारभारी, यावरून शेरीफ शब्द आला. इंग्रजांनी तो अमेरिकेत नेला तसा मुंबईतही आणला. आपण त्याला 'नगरपाल' म्हणतो. १९८० मध्ये दिलीपकुमार, पुढे सुनील गावसकर यांनी हे मानाचं पद भूषवलं. पण मान सोडून पाहिलं तर उच्च न्यायालयातलं शेरीफचं कार्यालय अजून खरं काम करतं. बंदरात उभ्या परदेशी जहाजाविरुद्ध अटकेचं वॉरंट निघालं की ते बजावणं शेरीफचं काम. वकिलीच्या काळात मी स्वतः तो कागद घेऊन त्या खोलीत गेलो आहे. म्हणजे स्नेहलताईंच्या शेरीफचं आणि मुंबईच्या शेरीफचं नातं अगदी सख्खं आहे. कोर्टाने लिहायचं, शेरीफने बजावायचं. तुरुंग मात्र आपल्याकडे स्वतंत्र कारागृह विभागाकडे.

मीरा_नवी · ५ मार्च, दुपारी १२.१०

काका, छान माहिती.

माझी शंका थोडी भीतीची आहे. धाकटा भाऊ विद्यार्थी व्हिसावर आहे. किरकोळ कारणाने काउंटी जेलमध्ये गेला तर इमिग्रेशनपर्यंत जातं का?

केदार_केटी · ५ मार्च, दुपारी १.००

मीरा, हो, जातं. बुकिंगला घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयमार्फत होमलँड सिक्युरिटीपर्यंत पोचतात, त्यासाठी शेरीफने वेगळं काही करावं लागत नाही. पुढचा फरक काउंटीचा. १९९६ च्या कायद्यातल्या २८७(जी) कलमाखाली काही शेरीफ आपल्या डेप्युटींना इमिग्रेशनचं काम देण्याचा करार करतात, काही करत नाहीत. टेक्सासमध्ये 'याला ४८ तास धरून ठेवा' ही आयसची (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय खात्याची) विनंती जेलने मानलीच पाहिजे असा २०१७ पासून कायदा आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अटकेवर, गुन्हा शाबित होण्याआधीच, व्हिसा रद्द होऊ शकतो. भावाला दोन गोष्टी सांग : प्यायल्यावर किल्लीला हात लावायचा नाही. आणि अटक झालीच तर फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलालाही लगेच विचारल्याशिवाय कुठलीही कबुली द्यायची नाही.

रानजाई (ओहायो) · ५ मार्च, रात्री ९.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. मनवा, तुझं फॅक्सचं वाक्य मी त्या मुलाच्या आईला पाठवलं. ती म्हणाली, हे ऑगस्टमध्ये कुणी सांगितलं असतं तर.

निवडावा की नेमावा यावर माझं मत अजून पक्कं नाही. पण माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे. आपण शेरीफला जोखतो ते गुन्हे किती कमी झाले यावर, प्रचाराच्या पाट्याही तेच बोलतात. तुरुंगात रात्री किती नर्स आहेत हे कुणी विचारत नाही. आणि पैशाची गाठ तिथेच आहे. मेडिकेडवर (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असलेला माणूस तुरुंगाच्या आत गेला की, बाहेरच्या हॉस्पिटलात दाखल करावं लागलं तर सोडून, मेडिकेड त्याच्या उपचाराचे पैसे देत नाही. १९६५ पासूनचा नियम. म्हणजे जो आजारी माणूस बाहेर असताना केंद्र सरकारचा आणि राज्याचा खर्च होता, तो आत येताच काउंटीच्या तिजोरीवर येतो. दोषी ठरलेला नसतानाही. कॅलिफोर्नियाला सुटकेआधीच्या ९० दिवसांपर्यंत काही उपचारांसाठी २०२३ मध्ये सूट मिळाली, म्हणजे बदल होऊ शकतो. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच सांगितलंय की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं घटनाबाह्य आहे. शेरीफ या दोन्हींच्या मधे उभा असतो आणि स्वस्तातलं कंत्राट शोधतो. हे मी त्याची बाजू घेऊन लिहीत नाही. चार दिवस गोळ्या न देणं चूकच होतं. पण ती सुधारण्याचं बजेट शेरीफ मागतो आणि काउंटीचे तीन कमिशनर मंजूर करतात, आणि त्यांच्या बैठकीत प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात, हे मी गेल्या महिन्यात स्वतः जाऊन पाहिलंय.

ओहायोत जेलची तपासणी राज्याचा विभाग करतो, अहवाल मागितला की मिळतो. मी आमच्या काउंटीचा मागवलाय. त्या मुलाचे वडील आणि मी मिळून एक पानाचं निवेदन लिहिलं आहे. दोनच मागण्या : शनिवार-रविवारी औषध पडताळणीसाठी कुणीतरी फोनवर असावं, आणि रात्री दुसरी नर्स. कमिशनरांची बैठक गुरुवारी सकाळी साडेनऊला आहे. नागरिकांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं मिळतात. मी सुट्टी टाकली आहे. कोलंबसच्या आसपासचं कुणी येणार असेल तर मला निरोप टाका, निवेदनाची प्रत आधी पाठवते.